साडेसहाशेचं ताट आणि मावशींची दिलगिरी

कानेयो मावशींच्या खानावळीत मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा बत्तीस वर्षांचा, धडधाकट, पुरेशा उंचीचा गृहस्थ होतो. अर्ध्या तासाने बाहेर पडलो तेव्हा माझी उंची निदान चार बोटांनी कमी झाली होती, आणि ती आजतागायत भरून आलेली नाही. वडिलांचं शिक्के कोरण्याचं दुकान नुकतंच माझ्या हाती आलं होतं. पूर्व ओसाकातली आमची ही गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना लेथ आणि स्क्रूचे कारखाने, आणि मध्ये 'हिसागो' नावाची ही नऊ खुर्च्यांची खानावळ. दारावरचा निळा पडदा बाजूला सारून मी आत गेलो आणि समोर दिसली त्या रिकाम्या खुर्चीवर बसलो.

आठ माना माझ्याकडे वळल्या. आठ जोड्या चॉपस्टिक हवेत थांबल्या. माझी खात्री आहे की त्या क्षणी बाहेरच्या कारखान्यांतली लेथसुद्धा बंद पडली असावीत. ती खुर्ची ओगासा नावाच्या लेथवाल्याची होती. तो रोज बारा वाजून पाच मिनिटांनी यायचा आणि आता बारा वाजून तीन मिनिटं झाली होती.

"उठा," मावशी म्हणाल्या. मी उठलो. दोन मिनिटांनी ओगासा आला, बसला, आणि जगाचं रहाटगाडगं पुन्हा सुरू झालं. एक जण जेवून उठला तेव्हा मला भिंतीकडेची खुर्ची मिळाली.

"काय काय आहे?" मी विचारलं.

पुन्हा आठ माना वळल्या.

"जेवण आहे," मावशी म्हणाल्या.

जेवण आलं. भाजलेला बांगडा, मिसोचं सार, भात, भोपळ्याच्या दोन शिजवलेल्या फोडी, आणि मुळ्याच्या पिवळ्या लोणच्याच्या तीन चकत्या. मी सगळं चाटूनपुसून खाल्लं. फक्त लोणच्याच्या दोन चकत्या ठेवल्या. तेव्हा मावशी कट्ट्यामागून बाहेर आल्या. भर जेवणाच्या वेळी त्या कट्ट्याबाहेर आल्याचा प्रसंग त्याआधी एकदाच घडला होता आणि तेव्हा भूकंप झाला होता, असं मला नंतर कळलं.

"बरं वाटत नाहीये का?"

"तसं नाही. मुळ्याचं लोणचं मला फारसं..."

"आई आहे?"

"आहे."

"तिला माहीत आहे हे?"

मी चकत्या खाल्ल्या. त्यानंतर बावीस वर्षं, रविवार सोडून रोज, मी तिथे जेवत आलोय आणि एकही चकती उरवलेली नाही.

'हिसागो'त निवड करण्याची सोय नाही. आजचं ताट एवढा एकच पदार्थ. ते आज कशाचं आहे हे दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, आणि त्याखाली पांढऱ्या रंगाने, ब्रशने, कायमचं: साडेसहाशे येन. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा भात फुकट. मावशी कुणाला नावाने हाक मारत नाहीत, धंद्याने मारतात. मी शिक्केवाले. माझ्या उजवीकडे बसणारा तोकुओका मासेवाले, डावीकडचा निशिवाकी टोफूवाले. गल्लीत एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना मावशी सगळ्यांदेखत 'दातवाले' म्हणतात. डॉक्टर वर बघत नाहीत, खाली मान घालून सार पितात.

आता या साडेसहाशेबद्दल बोललं पाहिजे, कारण सगळा मनस्ताप तिथूनच सुरू होतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ताट सहाशेवीसला होतं. एकोणीस वर्षांपूर्वी मावशींनी ते तीस येनांनी वाढवलं. दुसऱ्याच आठवड्यात लेथवाला ओगासा यायचा बंद झाला. एवढंच घडलं. कारखानाच हिमेजीला हलला म्हणून तो गेला, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. आम्ही सगळे त्याच्या निरोपाच्या पार्टीला गेलो होतो. पण मावशींच्या मते तो फळा वाचून परत फिरला होता.

"मावशी, तो हिमेजीला गेला," मी दर वर्षी एकदा तरी सांगायचो.

"हिमेजी काही चंद्रावर नाही. दीड तासाची गाडी आहे."

"बांगडा खायला माणूस रोज दीड तास येईल का?"

"सहाशेवीसला आला असता."

एकोणीस वर्षांत विक्रीकर वाढला, तेल वाढलं, गॅस वाढला, फळ्याच्या लाकडाला वाळवी लागून फळा बदलला. मावशींनी नव्या फळ्यावर तेच साडेसहाशे पुन्हा रंगवले. आम्हालाच लाज वाटायला लागली. स्टेशनापाशी तेवढ्यात धड नूडल्सचा वाडगाही मिळत नाही. एकदा मी हजाराची नोट कट्ट्यावर ठेवली, "राहू द्या" म्हणालो आणि पळालो. पळालो म्हणजे खरोखर, चौपन्नाव्या वर्षी, भरल्या पोटी पळालो. सिग्नल लाल होता म्हणून थांबलो, तेवढ्यात मागून सपातांचा आवाज आला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या मावशी, एका हातात तळणीतला झारा, दुसऱ्या हातात साडेतीनशे येन.

"शिक्केवाले! विसरलात!"

"विसरलो नाही, मावशी. ठेवले."

"ठेवायला ही काय बँक आहे? धरा! कटलेट जळतंय तिकडे."

चौकातल्या लोकांनी असं बघितलं की जणू मीच म्हातारीचे पैसे लुबाडून पळालोय.

तर गेल्या वर्षी तांदूळ महागला. महागला म्हणजे वर्षभरात भाव दुप्पट झाला. आणि ऑक्टोबरातल्या एका दुपारी, सारात पळी फिरवता फिरवता, पाठमोऱ्याच मावशी म्हणाल्या, "नव्या वर्षापासून बंद."

"काय बंद?" टोफूवाल्याने विचारलं.

"हे. दुकान. साडेसहाशेत जमत नाही आता."

"मग सातशे करा!" आम्ही तिघे एकदम ओरडलो.

"साडेसातशे करा," मासेवाला म्हणाला. "आठशे करा! आम्ही देतो!"

"आणि लोकांना तोंड काय दाखवू? एकदा वाढवले तर एक माणूस गेला."

"हिमेजीला!" मी टेबलावर मूठ आपटली.

"भात हवाय का अजून?" मावशी म्हणाल्या. मी वाडगा पुढे केला. माझी मूठ अशीच असते.

महिनाभर आम्ही विनवण्या केल्या. गिऱ्हाईक भाव वाढवा म्हणून गयावया करतंय आणि मालकीण नाही म्हणतेय, असं दृश्य आमच्या गल्लीखेरीज कुठे दिसत असेल असं मला वाटत नाही. मावशींची तब्येत ठणठणीत होती. पहाटे पाचला उठून त्या भोपळे चिरतात, ते असे की शेजारच्या घरातली भांडी वाजतात. दुकान चालवायची हौसही तेवढीच. फक्त शंभर येन मागायची लाज वाटते म्हणून ही बाई बावन्न वर्षांचं दुकान बंद करायला निघाली होती, आणि आम्ही नऊ जण दुपारी कुठे जाणार हा प्रश्न तिच्या खिजगणतीत नव्हता.

शेवटी टोफूवाल्याला युक्ती सुचली. तसा तो मुखदुर्बळ माणूस आहे. बावीस वर्षांत मी त्याची जेमतेम चाळीस वाक्यं ऐकली असतील. तो म्हणाला, "मावशी, भाव वाढवला तर एक दिलगिरी व्यक्त करावी लागेल. दुकान बंद केलं तरी करावीच लागेल. मोठी कुठली?"

मावशींनी पळी खाली ठेवली.

"बंद केल्याची," त्या म्हणाल्या.

"मग?"

"ठीक आहे. शंभराने वाढवते. पण दिलगिरीचा कागद मी स्वतः लिहिणार. ब्रशने."

आम्ही जिंकलो असं समजून मी त्या दिवशी चौथ्यांदा भात घेतला. मूर्ख होतो. पुढचे तीन आठवडे दर दुपारी, जेवण झालं की, मावशी माझ्यासमोर मसुदा ठेवायच्या. अक्षराच्या धंद्यातला म्हणून मी परीक्षक. पहिल्या मसुद्यात लेथवाल्या ओगासाची नावानिशी माफी होती. दुसऱ्यात तीस येनांच्या मागच्या वाढीचीही माफी होती. पाचव्यात हवामानाबद्दल चार ओळी होत्या. नवव्यात 'माझ्या नालायकपणामुळे' हे शब्द सहा वेळा आले होते.

"मावशी, ताट शंभराने वाढतंय. त्सुनामी येत नाहीये."

"तुम्हाला काय कळतंय? तुम्ही शिक्के कोरता. चार अक्षरांत तुमचं काम होतं."

"मग चारच अक्षरं लिहा! 'भाववाढ'!"

"असं उघडं लिहितात का? लाज आहे की नाही?"

अठराव्या मसुद्याला मी हात टेकले. चांगला आहे म्हणालो. वाचला नव्हता. वर घरून नारा शहरातली उत्तम शाईची वडी आणून दिली, की बाई, एकदाचं लिही. मावशींनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "केवढ्याची?" मी सांगितलं. मी सांगायला नको होतं.

त्या शनिवारी मी बायकोबरोबर सासुरवाडीला होतो. रविवारी सकाळी साडेनऊला मासेवाल्याचा फोन आला.

"साकामाकी-सान... मावशी गेल्या."

"कुठे?"

"अहो, गेल्या! शटरवर कागद लागलाय!"

मी जिना उतरता उतरता पायरीवरच बसलो. खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो हा की उद्या सोमवार, उद्या बांगडा असतो. दुसरा विचार आला तेव्हा मात्र रडू फुटलं. बायकोने काळा सूट काढून दिला. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने गाडीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. वाटेत शोकाचं पाकीट घेतलं, पाच हजार घातले, फिकट शाईच्या पेनने नाव लिहिलं. मरणाच्या प्रसंगी आमच्याकडे गडद काळ्या शाईने लिहीत नाहीत; डोळ्यांतलं पाणी पडून शाई पातळ झाली, असं दिसावं लागतं.

गल्लीत पोचलो तर शटर खाली, आणि समोर काळ्या कपड्यांतली दहा-बारा माणसं. कुणीतरी पांढरी शेवंती आणून ठेवली होती. दातांचे डॉक्टर हातात जपमाळ घेऊन उभे होते. शटरवर हातभर लांबीचा कागद होता. 'दीर्घकाळ आपण केलेल्या लोभाबद्दल अंतःकरणापासून आभार.' 'अत्यंत जड हृदयाने कळवावे लागते.' 'माझ्या नालायकपणामुळे आपणां सर्वांना हे दुःख.' आणि अक्षर न् अक्षर फिकट राखाडी. मजकुराची शेवटची ओळ शेवंतीच्या कुंडीमागे गेली होती.

मी ते अक्षर ओळखलं. अठरा मसुदे पाहिले होते मी त्या अक्षरातले!

"अहो," मी मासेवाल्याच्या कानात म्हणालो, "हे मावशींनीच लिहिलंय. मेलेलं माणूस कागद कसा लिहील?"

"आधीच लिहून ठेवला असणार," मासेवाला हुंदका देत म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या हातून नीट झालं नसतं, असं वाटलं असेल. त्यांचा स्वभाव माहीत नाही का तुम्हाला?"

आणि खरं सांगायचं तर मला ते पटलं. निदान अर्धं मिनिट तरी पटलं. त्या अर्ध्या मिनिटातच सगळा घोटाळा झाला, कारण मासेवाला पुढे झाला, शटरसमोर गुडघे टेकले आणि मासळीबाजारात कमावलेल्या आवाजात म्हणाला, "मावशी, मला माफ करा! पंधरा वर्षं मी तुम्हाला फसवलं!"

त्याने कपाळ जमिनीला टेकवलं.

"कालचे उरलेले म्हणून जे बांगडे निम्म्या भावात देत होतो ना, ते उरलेले नव्हते! त्याच पहाटेचे होते! ताजे म्हणून दिले असते तर तुम्ही घेतलेच नसते!"

मी त्याची कॉलर धरून मागे ओढणार, एवढ्यात टोफूवाला त्याच्या शेजारी बसला. त्या मुखदुर्बळ माणसाला तोंड फुटायला नेमका तोच मुहूर्त सापडला.

"मीही, मावशी. कोपरा तुटलेला टोफू म्हणून जो स्वस्तात द्यायचो... तो तुटलेला नसायचा. मी तोडायचो. रोज सकाळी. अंगठ्याने."

"अरे, गप्प बसा!" मी ओरडलो, कारण आता मी कुंडी बाजूला सरकवली होती आणि शेवटची ओळ वाचली होती. तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत, लाजेने कोपऱ्यात दडलेली: 'सोमवारपासून ताट साडेसातशे येन.'

उशीर झाला होता. शटर आतून खडखडलं आणि कमरेइतकं वर गेलं. त्याखालून आधी फरशी घासायचा ब्रश आला, मग डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या मावशी. किंकाळ्या उठल्या. डॉक्टरांची जपमाळ तुटून मणी गटारात गेले.

मावशींनी कुणाकडे पाहिलं नाही. त्या सरळ टोफूवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अंगठ्याने?"

टोफूवाला जमिनीकडे बघत होता. "हो."

"कुठल्या?"

त्याने उजवा अंगठा दाखवला.

"आणि तू," त्या मासेवाल्याकडे वळल्या, "पंधरा वर्षं? मी गिऱ्हाइकांना सांगायचे, कालचा मासा असा शिजवायला हात लागतो हात! आणि तो मासा आजचा? तुम्ही मला इतकी वर्षं भीक घालत होतात?"

"भीक कसली, मावशी—"

"हा कसला अवतार? कोण मेलंय?"

मी शटरकडे बोट केलं. "मावशी, शाई. इतकी पातळ का?"

"त्या किमतीची वडी एका कागदावर उधळू? पाणी घालून पुरवली. अजून अर्धी आहे, घेऊन जा." मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या पाकिटाकडे गेलं. "किती घातलेत?"

"पाच हजार."

"मेले तर पाच हजार?"

"जिवंतपणी द्यायला गेलो तर तुम्ही झारा घेऊन मागे धावता!" माझाही तोल सुटला होता. "इतके दिवस आम्ही बोंबलतोय वाढवा, वाढवा! तुम्हाला फक्त तो हिमेजीवाला—"

"थांबा इथेच," मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या. आम्हाला वाटलं, चहा येतोय. आल्या त्या मिठाचा डबा घेऊन. मयताहून परतलेल्या माणसाच्या अंगावर घरात शिरण्याआधी चिमूटभर मीठ टाकतात. मावशींनी चिमूट वगैरे भानगड ठेवली नाही. मुठी भरभरून, एकेकाला नेम धरून, लोणच्याचं जाडं मीठ. माझ्या सुटाच्या खिशात ते अजून सापडतं. मग त्यांनी शटरवरचा कागद ओढून काढला, अठरा मसुद्यांची ती मेहनत टराटरा फाडली, शेवंतीची कुंडी आत नेली आणि शटर खाली ओढलं.

सोमवारी बारा वाजता आम्ही तिघे एकमेकांच्या आडोशाने गेलो. निळा पडदा लागलेला होता, म्हणजे दुकान उघडं होतं. फळ्यावर खडूने 'बांगडा' लिहिलं होतं, आणि खाली पांढऱ्या रंगाने, ओल्या, ठळक आकड्यांत: आठशे येन. दिलगिरीचा एक शब्द नव्हता. नऊच्या नऊ खुर्च्या भरल्या. मावशींनी ताट समोर आदळलं. मी तिसऱ्यांदा भात मागितला, तो त्यांनी दिला, आणि माझ्या लोणच्यात एक चकती जास्त होती. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

नवं वर्ष आलं. 'हिसागो' उघडी आहे.

त्या सोमवारनंतर मावशींनी मासेवाल्याकडून आणि टोफूवाल्याकडून बाजारभावाखाली काही घ्यायचं नाकारलं. दोघांनी पूर्ण भाव लावला, त्यामुळे वाढलेले दीडशे येन त्यातच जातात आणि मावशींच्या हाती पूर्वी उरायचं तेवढंच उरतं. आठशे माझ्या बायकोला जास्त वाटतात. मी आता मंगळवार आणि गुरुवारी घरून डबा आणतो.